विश्लेषण : पांढऱ्या साडीला प्रतिष्ठा कशी मिळाली? रमाबाई रानडे आणि नर्सिंग प्रशिक्षणाची विसरलेली गोष्ट

पाच वर्षांत १५० तास. नोंदणीचे नूतनीकरण करायचे असेल तर भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार नर्सने एवढे तास नवे शिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते. गोंदियातील बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात किंवा कुंवर तिलकसिंह रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेला हे तास जमवणे तुलनेने सोपे. वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून शहरातच आहे. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील उपकेंद्राच्या एएनएमचे गणित वेगळे असते. ती प्रशिक्षणाला गेली की मागे लसीकरण कोण करणार, दिवस भरलेल्या बाईकडे कोण पाहणार, आणि तिच्या घरच्या चुलीचे काय, हे प्रश्न आधी सुटावे लागतात.

काम करणाऱ्या बाईला पुढचे शिक्षण द्यायचे तर अभ्यासक्रमाआधी तिचे घर, राहण्याची जागा आणि लोकांच्या जिभा या तीन गोष्टींची व्यवस्था करावी लागते. हे महाराष्ट्रात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईने ओळखले होते. त्या रमाबाई रानडे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून त्यांना सगळे ओळखतात. नर्सच्या प्रशिक्षणासाठी त्यांनी काय केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

रमाबाईंचे हे काम मागे का पडले?

याचे एक कारण त्यांचेच पुस्तक आहे. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे आत्मकथन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. मराठीतील महत्त्वाच्या आत्मचरित्रांत ते मोजले जाते. पण या आठवणी न्यायमूर्तींच्या निधनापाशी, म्हणजे १९०१ मध्ये थांबतात. त्यानंतर रमाबाई आणखी २३ वर्षे जगल्या आणि त्यांचे सर्वात मोठे काम याच काळातले आहे. ते त्यांच्या स्वतःच्या पुस्तकात नाही.

दुसरे कारण अलीकडचे. २०१२ मध्ये ‘उंच माझा झोका’ ही मालिका आली आणि रमाबाई घराघरात पोहोचल्या. प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती नऊवारीतली, पाटी-पेन्सिल घेऊन बसणारी छोटी रमा. पन्नाशीला टेकलेल्या, ससून रुग्णालयाच्या फेऱ्या मारणाऱ्या, वर्गणीसाठी लोकांच्या दारात जाणाऱ्या रमाबाई तितक्या लक्षात राहिल्या नाहीत.

सुरुवात कुठून झाली?

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. (यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगावही हेच.) माहेरचे नाव यमुना, आडनाव कुर्लेकर. त्या घरात मुलींना अक्षरओळख करून देण्याची पद्धत नव्हती.

डिसेंबर १८७३ मध्ये त्यांचे लग्न झाले. वधू ११ वर्षांची, वर ३१ वर्षांचा. रानडे यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. सुधारकांचे पुढारी म्हणून ते विधवेशी विवाह करतील अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती, पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली आणि ती पुढेही संपली नाही. ज्या मुलीमुळे ही टीका झाली, तिला मात्र याचा पत्ताही नसावा.

रानडे यांनी पत्नीला लगेच मुळाक्षरे शिकवायला घेतली. घरात नात्यातल्या आणि आश्रित बायकांचा मोठा गोतावळा होता. त्यांना हे रुचले नाही. टोमणे, अबोला, मुद्दाम वाढवलेली कामे हे सगळे रमाबाईंनी सोसले. नवऱ्याकडे तक्रार करायची नाही आणि अभ्यासही सोडायचा नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. आधी मराठी, मग इंग्रजी. १८७८ मध्ये रानडे यांची नाशिकला बदली झाली. तिथे रमाबाई पहिल्यांदा चारचौघांत बोलायला उभ्या राहिल्या.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. रानड्यांच्या रमाबाई त्यात सामील झाल्या. त्याच सुमारास मुलींसाठी हायस्कूल हवे म्हणून पुण्यात सभा भरली आणि गव्हर्नरांसमोर रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचले. घरी परतल्यावर सासरच्या बायकांनी त्यांचे वाभाडे काढले. पुरुषांच्या सभेत जाऊन साहेबापुढे इंग्रजी वाचणारी सून त्यांच्या समजुतीत बसत नव्हती. १८८४ मध्ये हे हायस्कूल सुरू झाले. आज ते हुजूरपागा म्हणून ओळखले जाते.

या अनुभवाचा पुढच्या कामाशी थेट संबंध आहे. मोठ्या वयात, घरची कामे उरकून, नात्यातल्या बायकांचे बोलणे खात शिकणे म्हणजे काय, हे रमाबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९०१ नंतर काय बदलले?

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे मुंबईत निधन झाले. तेव्हा ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. रमाबाई ३९व्या वर्षात होत्या. मूलबाळ नव्हते. त्या पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि बराच काळ जवळपास घराबाहेरच पडल्या नाहीत.

बाहेर पडल्या तेव्हा त्यांची पावले सभांकडे न वळता तुरुंगाकडे आणि रुग्णालयाकडे वळली. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना त्या नियमित भेटू लागल्या. ससूनमध्ये खाटेखाटेवर जाऊन रुग्णांची विचारपूस करत, फळे-फुले देत. वरवर पाहता ही श्रीमंत घरातल्या बाईची भूतदया वाटेल. पण रुग्णालयात रोज जाणाऱ्या माणसाला एक गोष्ट हमखास दिसते. औषध डॉक्टर लिहून देतो. ते वेळेवर तोंडात जाते की नाही, जखम स्वच्छ राहते की नाही, हे दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असते. आणि ते हात पुरेसे नव्हते.

तेव्हा नर्स कोण होत असे?

डेविड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले ससून रुग्णालय १८६७ पासून सुरू होते. १८८५ मध्ये डफरिन फंड निघाला. स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी, हा त्याचा उद्देश. त्यातून ठिकठिकाणी जनाना रुग्णालये उभी राहिली, नागपूरचे डफरिन त्यातलेच. या रुग्णालयांत परिचारिका म्हणून दिसत त्या मुख्यतः युरोपीय, अँग्लो इंडियन आणि ख्रिस्ती स्त्रिया. वरच्या जातीतल्या हिंदू घरांतून कुणी या कामाकडे फिरकत नसे.

त्यामागे अडथळे बरेच होते. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र साफ करायचे, रक्त पुसायचे, कोणत्याही जातीच्या रुग्णाला पाणी पाजायचे. विटाळाच्या कल्पनेत यातले एकही काम बसत नव्हते. शिवाय रात्रपाळी. रात्री घराबाहेर राहणाऱ्या बाईकडे लोक कोणत्या नजरेने पाहत, हे सांगायला नको. प्रसूतीचे काम गावोगावी सुईणी करत. त्यांच्या हाताला अनुभव होता, पण निर्जंतुकीकरण म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. बाळंतरोगाने बायका दगावत आणि नशिबाला बोल लावला जाई.

पुण्याने १८९७ ची प्लेगची साथ पाहिली होती. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी मृत्यू झाला. म्हणजे सेवेची परंपरा पुण्यात होती. पण तिचा शिकून, प्रमाणपत्र घेऊन, पगार घेऊन करायचा व्यवसाय अजून व्हायचा होता.

सेवासदनने नेमके काय केले?

बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन सुरू केले. रमाबाई त्याच्या अध्यक्ष होत्या. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी संघटनेची बाजू उचलली. वर्गांना जागा मिळाली ती रानड्यांच्याच वाड्यात.

पुण्यात तेव्हा स्त्रीशिक्षणाच्या संस्था नव्हत्या असे नाही. महर्षी कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ पासून होता, हुजूरपागा होती. सेवासदनचे वेगळेपण विद्यार्थिनींच्या वयात होते. शाळेचे वय निघून गेलेल्या, लग्न झालेल्या, विधवा झालेल्या, पदरी मूल असलेल्या बायका इथे येत. म्हणून वर्ग दुपारी भरत. सकाळचा स्वयंपाक, जेवणे, आवराआवर झाली की यायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचे. वेळापत्रक शिक्षकांच्या सोयीने न आखता विद्यार्थिनीच्या दिवसाप्रमाणे आखले गेले. आज कार्यालयांतून निघणाऱ्या प्रशिक्षणाच्या परिपत्रकांत नेमके हेच अनेकदा राहून जाते.

लिहिणे-वाचणे, शिवण, संगीत, शिक्षिका होण्याचे शिक्षण, प्रथमोपचार आणि घरगुती शुश्रूषा अशा शाखा एकामागून एक निघाल्या. १९११ च्या सुमारास नर्सिंगचे काम हाती घेतले गेले. सेवासदनने स्वतःचे रुग्णालय काढले नाही. रुग्णालय होतेच, ससून. बी. जे. मेडिकल स्कूलही पुण्यात होते. शिकवणारे होते, खाटा होत्या, रुग्ण होते. फक्त शिकायला येणाऱ्या बायका नव्हत्या. त्या आणणे, त्यांना तिथे टिकवणे आणि परत घरी नेले जाण्यापासून वाचवणे, एवढे काम सेवासदनने आपल्याकडे घेतले.

यातला कळीचा भाग होता वसतिगृह. नर्सिंग शिकणाऱ्या बायकांसाठी संस्थेने रुग्णालयाजवळ राहण्याची सोय केली. तिथले वातावरण घरच्यासारखे, रीतिरिवाज परिचित, स्वयंपाक आपला आणि डोक्यावर रमाबाईंचे नाव. मुलगी कुठे राहते, असे गावाकडे कुणी विचारले तर बापाला किंवा दिराला उत्तर देता येत होते. रात्रपाळीबद्दलची कुजबुज एका झटक्यात थांबली नाही, पण तिला उत्तर मिळाले. सब-असिस्टंट सर्जनच्या अभ्यासक्रमाला, म्हणजे डॉक्टरकीच्या तेव्हाच्या खालच्या पायरीला, जाणाऱ्या मुलींनाही याच धर्तीवर आधार देण्यात आला. सुईणीचे शास्त्रशुद्ध शिक्षणही त्यात आले.

रमाबाई सुधारक होत्या, पण त्यांची पद्धत आक्रमक नव्हती. त्या रूढ पोशाख करत, व्रतवैकल्ये मोडत नसत, घरोघरच्या हळदीकुंकवाच्या जगाशी त्यांचा संबंध तुटला नाही. यावरून त्यांच्या काळातही आणि नंतरही काहींनी त्यांना सावध, मवाळ म्हटले. ही टीका अगदीच निराधार नाही. जातीच्या प्रश्नावर सेवासदनची चाल फुले दांपत्याच्या मानाने फारच सावकाश होती आणि सुरुवातीला लाभ मिळाला तो मोठ्या प्रमाणात पांढरपेशा घरांतील बायकांना. मात्र नर्सिंगच्या बाबतीत हीच सावध प्रतिमा उपयोगी पडली. बंडखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईच्या हवाली सनातनी घराने आपली विधवा सून केली नसती. न्यायमूर्तींच्या सोवळ्या पत्नीच्या हवाली केली.

समाजाने हे सहज स्वीकारले का?

नाही. सेवासदनच्या एका वार्षिक समारंभातला प्रसंग रमाबाईंच्या चरित्रांत नेहमी सांगितला जातो. एक तरुण विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला मंचावर आली. केशवपन केलेले, डोक्यावरून पदर. सज्जात बसलेल्या कॉलेजच्या मुलांनी तिची टवाळी सुरू केली. रमाबाई एरवी शांत बोलणाऱ्या. त्या दिवशी त्या उठल्या आणि त्या मुलांना भर सभेत खडसावले. शिकलेले म्हणवता आणि रूढीने आधीच मारलेल्या बाईला हसता, असा त्यांचा रोख होता. जिच्यात विधवा नाही असे घर दाखवा, ती तुमची बहीण किंवा आईही असू शकते, याची आठवण त्यांनी करून दिली. सभागृह चिडीचूप झाले.

रमाबाई स्वतः विधवा होत्या. त्या काळात विधवेपुढे पर्याय किती होते? भावाच्या किंवा दिराच्या घरी राबायचे, किंवा काशीची वाट धरायची. नर्सिंगमध्ये तिला विद्यावेतन, निवारा आणि पुढे पगार मिळू शकत होता. बाळंतिणीच्या खोलीत जिची सावलीही अशुभ मानली जाई, तीच बाई शिकून आल्यावर बाळंतपण करत होती. रूढीची एवढी सरळ उलटापालट भाषणांनी क्वचितच झाली असेल.

विदर्भापर्यंत हे कसे पोहोचले?

सेवासदनच्या शाखा आणि त्या धर्तीवरच्या संस्था पुढे निरनिराळ्या गावांत निघाल्या. नागपुरात १९२७ मध्ये सेवासदन सुरू झाले. पण परिचर्येच्या बाबतीत विदर्भाची स्वतःची वेगळी कहाणी आहे आणि ती रमाबाईंच्या हयातीतच सुरू झाली.

तिच्या नायिका कमलाताई होस्पेट. जन्म १८९६ चा, शिरपूरचा. बाराव्या वर्षी लग्न, काही वर्षांतच वैधव्य. त्यांनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात नर्सिंगचे शिक्षण घेतले आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत अवघ्या चार खाटांचे प्रसूतिगृह सुरू केले. तेच मातृसेवा संघ. पुण्यात सेवासदनने बायका रुग्णालयापर्यंत नेल्या. नागपुरात एका प्रशिक्षित विधवा नर्सने स्वतःच रुग्णालय उभे केले आणि तिथे पुढच्या परिचारिका घडवल्या. संघाच्या शाखा विदर्भात पसरल्या. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली, १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. शहरातल्या प्रसूतिगृहात शिकलेली नर्स खेड्यात जाऊन बाळंतपण करते, ही आजची सवयीची गोष्ट या भागात रुजायला अशा संस्था लागल्या.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांत काय घडले?

शेवटच्या दशकात त्यांच्या कामाचा पसारा वाढतच गेला. दुष्काळग्रस्तांसाठी मदत, मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी पुण्यातली चळवळ, मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून सभा आणि निवेदने. मुलांना शिक्षण सक्तीचे आणि मुलींना वगळायचे, या प्रस्तावाविरुद्ध त्या साठीच्या उंबरठ्यावर असताना मोर्चात उतरल्या. १९२४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. देवधरांनी पुढेही सेवासदन सांभाळले. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

त्यानंतर परिचारिकांचे शिक्षण कसे बदलत गेले?

मुंबई इलाख्यात परिचारिका आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. म्हणजे सेवासदनने बायका पाठवायला सुरुवात केली तेव्हा या व्यवसायाला इलाख्यात कायद्याची चौकटच नव्हती. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. त्यातला एक आकडा आजही थबकायला लावतो. अखंड भारतात सुमारे ४३ हजार लोकांमागे एक नर्स होती. तेव्हा सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता. डॉक्टरांची टंचाई होतीच, पण नर्सची टंचाई तिच्या जवळपास सातपट होती. देशाने डॉक्टर घडवण्याकडे लक्ष दिले आणि नर्स आपोआप मिळतील असे गृहीत धरले, असाच याचा अर्थ निघतो.

१९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला, महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका कायदा १९६६ मध्ये. आता २०२३ च्या कायद्याने परिषदेच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाची तरतूद केली आहे. अभ्यासक्रम बदलले, पदव्या आल्या. शिक्षण एकदा घेतले की संपले, ही समजूतही मागे पडली. उपकेंद्रातील एएनएमला कुशल प्रसूतीसाठीचे २१ दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी कशी घ्यायची, हे आशा सेविकांना टप्प्याटप्प्याने शिकवले जाते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, त्यामुळे त्याची तपासणी आणि समुपदेशन इथल्या कर्मचाऱ्याला यावेच लागते. हिवतापाचा उपचार, औषधांचे डोस, रक्तस्राव थांबवण्याची पद्धत, यातले काहीही वीस वर्षांपूर्वी शिकले तसेच राहिलेले नाही.

मग अडते कुठे?

बहुतेक वेळा तिथेच, जिथे १९११ मध्ये अडत होते. २१ दिवस घर सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी राहायचे तर लहान मूल कुणाकडे ठेवायचे? मुक्कामाची जागा सुरक्षित आहे का? दरेकसाच्या बाजूचा एखादा पाडा किंवा नवेगावबांधच्या जंगलाकडेचे गाव सोडून बाई गोंदियाला आली, तर तिच्या जागी बदली कर्मचारी येतो का? मोबाइलवरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाने प्रवास वाचतो हे खरे. पण त्यासाठी नेटवर्क लागते आणि दिवसभराच्या नोंदी भरून झाल्यावर उरलेला वेळही लागतो. शिवाय अडलेल्या बाळाचे खांदे कसे सोडवायचे, हे व्हिडिओ पाहून हाताला येत नाही. त्यासाठी पुतळा लागतो, शेजारी उभी राहून चूक दाखवणारी ज्येष्ठ नर्स लागते आणि खरी प्रसूतीची खोली लागते.

प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकात मानधन, साहित्य, चहा-नाश्ता यांचे रकाने ठरलेले असतात. निवासाची व्यवस्था आणि मुलांना सांभाळण्याची सोय हे रकाने प्रत्येक वेळी असतातच असे नाही. सेवासदनच्या कामात वसतिगृह हा पहिला खर्च होता.

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर सेवासदन आजही सुरू आहे. नागपुरात मातृसेवा संघही सुरू आहे. त्या चार खाटांना आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत.